विष निसर्गाचे, वाटप समाजाचे

‘जे नैसर्गिक ते निर्धोक’ हे आजच्या बाजारातील सर्वाधिक खपाचे तत्त्वज्ञान आहे. साबणाच्या वेष्टनावर ते छापलेले असते, काढ्याच्या बाटलीवर असते, दुभत्या जनावरांच्या टॉनिकच्या डब्यावर असते, आणि आता सरकारी सूचनापत्रांच्या भाषेतही ते उघडपणे वावरू लागले आहे. रसायन म्हणजे विष आणि वनस्पती म्हणजे अमृत, अशी ही साधी सरळ विभागणी आहे. ऐकणाऱ्याला ती भोळी वाटते. परंतु ज्या विचारातून कोट्यवधी रुपयांची उलाढाल होते, तो विचार भोळा नसतो. त्याचा नफा कोणीतरी मोजून घेत असतो आणि त्याची किंमत दुसरेच कोणीतरी आपल्या शरीराने चुकती करीत असते.

निसर्गात विष आहे आणि औषधही आहे. पुष्कळदा दोन्ही एकाच झाडाच्या मुळाशी नांदतात. मात्र कोणाच्या ताटात विष पडावे आणि कोणाच्या उशाशी औषध असावे, हा निवाडा निसर्ग करीत नाही. तो जमिनीची मालकी करते, मजुरीचा दर करतो, बाजार करतो आणि बाजाराच्या ओंजळीने पाणी पिणारे शासन करते. हे एकदा स्पष्ट झाले, की वनस्पतिजन्य औषधांविषयीचा आपल्या चळवळीतलाही बराचसा गोंधळ दूर होईल.

लाखेची साक्ष

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, धान कापणीला येण्याच्या सुमारास उभ्या पिकातच एक कडधान्य फेकून पेरतात. त्याला वेगळी नांगरट लागत नाही, पाण्याची पाळी लागत नाही, खत लागत नाही. जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर ते वाढते आणि इतर पिके माना टाकतात तेव्हाही ते तग धरून राहते. तेथे त्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात; मध्य प्रदेशात तिवडा, बिहारात खेसारी. दाण्यात प्रथिने भरपूर आहेत, आणि त्याच दाण्यात एक विषही आहे.

हे विष १९६४ साली बंगलोर आणि दिल्ली येथील भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. त्याच्या लांबलचक रासायनिक नावाचे संक्षिप्त रूप ओडॅप. पायांच्या स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या मज्जातंतूंवर ते आघात करते. पोटऱ्या ताठरतात, चालताना गुडघे एकमेकांवर घासू लागतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते. आधी एक काठी, मग दोन काठ्या, आणि शेवटी जमिनीवरून सरपटणे. बुद्धी शाबूत राहते. पाय मात्र कायमचे जातात. या पांगळेपणावर आजही इलाज नाही. आणि त्याला बळी पडतात ते बहुधा ऐन उमेदीतले, अंगमेहनतीची कामे करणारे तरुण पुरुष.

हे विष बाधते कोणाला? वरणात कधीमधी लाखेची डाळ खाणाऱ्याला नव्हे. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखेचाच असेल आणि असा आहार दोन-तीन महिने सलग चालला, तर धोका उभा राहतो. सोबत पुरेसा भात, गहू, भाजीपाला असेल तर तो कमी होतो. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले, तर विषाचा बराच अंश निघून जातो; पण त्यासाठी सरपण लागते, पाणी लागते आणि फुरसत लागते. म्हणजे विषाचे काम सुरू होण्यास नुसता दाणा पुरत नाही. दुसरे काहीही खावयास न मिळण्याची परिस्थिती त्याला लागते, आणि ती परिस्थिती कोणत्याही झाडाला लागत नाही.

१८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागाची हकीगत नोंदविली आहे. १८२९ पासून ओळीने गव्हाची पिके बुडाली. शेतात आपसूक उगवणारी ही डाळ तेवढी जगली. लोकांनी ती खाऊन दिवस काढले. आणि १८३३ पासून गावोगावच्या तरुणांचे पाय जाऊ लागले. कोणी म्हणेल, हा दुष्काळ होता, येथे समाजव्यवस्थेचा संबंध काय? परंतु पाऊस निसर्गाचा म्हटला, तरी कोठारे कोणाची होती आणि सारा कोण वसूल करीत होते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

रेवा आणि सतना या जिल्ह्यांत तर दुष्काळाचीही वाट पाहावी लागली नाही. तेथे कर्जापोटी जमीनदाराच्या घरी पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या मजुरांना मजुरी धान्यात मिळे, आणि ते धान्य बहुतांशी खेसारी किंवा खेसारीमिश्रित असे. गहू बाजारासाठी, खेसारी मजुरासाठी, असा तो हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर दीड-दोन दशकांत झालेल्या वैद्यकीय पाहण्यांत तेथे हजारो पांगळी माणसे आढळली, आणि ती बहुतांशी भूमिहीनांच्या झोपड्यांत आढळली. शिवार एकच, माती एकच, पाऊस एकच, दाणाही तोच. तरीही विषाने घरे निवडून घेतली. वनस्पतिशास्त्राने या निवडीचे स्पष्टीकरण मिळत नाही. ते सावकाराच्या वहीत मिळते.

याच डाळीची आणखी एक साक्ष दूरच्या देशातली आहे, पण ती आपल्या मुद्द्याला नेमकी लागू पडते. दुसऱ्या महायुद्धात आजच्या युक्रेनमधील व्हाप्नियार्का येथे रुमानियाच्या फॅसिस्ट राजवटीची छळछावणी होती. १९४२ च्या अखेरीस तेथील ज्यू कैद्यांना रोज चारशे ग्रॅम शिजविलेली हीच डाळ आणि थोडासा पाव दिला जाऊ लागला. जनावरांसाठी साठविलेला हा दाणा. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडू लागले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी रोगाचे मूळ त्या डाळीत असल्याचे ओळखले, आणि कैद्यांनी ते अन्न नाकारून उपोषण आरंभिले. तेथे पहारेकरी डाळ देत होता, रेव्यात मालक देत होता. दोन्ही ठिकाणी खाणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार नव्हता. आणि व्हाप्नियार्कात तो अधिकार संघटितपणे बजावला गेला तेव्हाच विषाचा विषय वरपर्यंत पोहोचला.

आता आपल्या शासनाने काय केले ते पाहा. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत खेसारीच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली, आणि अंमलबजावणी राज्यांवर सोपविण्यात आली. बंदी दाण्यावर आली. त्या दाण्यात मजुरी चुकती करणारी व्यवस्था मात्र कायद्याने संपण्यास १९७६ साल उजाडावे लागले. एका डाळीला गुन्हेगार ठरविणे सोपे होते. डाळ मोजून देणाऱ्या हाताला गुन्हेगार ठरविण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. बंदीने लाख नाहीशी झाली काय? ती तुरीच्या डाळीत आणि हरभऱ्याच्या बेसनात भेसळ म्हणून शिरली. उघड्या बाजारात जिला नाव नाही तिला भावही नाही. तेव्हा पिकविणाऱ्याला कवडी मिळाली आणि मिसळणाऱ्याला रुपया.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन केले. विदर्भातील शेतकरी पिढ्यान्पिढ्या लाख खात आला आहे, मिश्र आहारात ती अपायकारक नाही, आणि बंदीने फक्त गरीब शेतकऱ्याचे पीक मारले, असे त्यांचे म्हणणे होते. २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठविली. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषाच्या तीन वाणांना मान्यता दिली. शास्त्रज्ञांचे हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु प्रश्न येथे संपत नाही. कमी विषाचे बियाणे धानपट्ट्यातील दोन एकरवाल्याच्या बांधीपर्यंत कोण पोहोचविणार? बाजारात आलेला दाणा जुन्या वाणाचा की नव्या, हे कोण तपासणार? आणि मुख्य म्हणजे, ज्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली तांदूळ, गहू आणि भरड धान्याचा हक्क दिला, त्यात डाळ का नाही? तूर-हरभरा ज्याच्या आवाक्यात नाही त्याच्यासमोर लाखेवरील बंदी आणि लाखेची मुभा या दोन्ही गोष्टी सारख्याच पोकळ आहेत. ताट भरलेले असेल तर लाख एक साधी डाळ आहे. ताट रिकामे असेल तर तीच विष आहे.

कोणाचे विष लवकर सापडते

दुसरे उदाहरण बुरशीच्या विषाचे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे सुमारे एक लाख पक्षी अल्पावधीत मरून पडले. नुकसान मोठ्या व्यवसायाचे होते. शोध वेगाने लागला. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत वाढलेली बुरशी आणि तिच्यापासून निर्माण होणारे अफलाटॉक्सिन हे विष १९६१ पर्यंत शास्त्राला ज्ञात झाले. म्हणजे हे ज्ञान ग्रंथांत येऊन तेरा वर्षे लोटली होती, तेव्हा १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी जिल्ह्यांत काविळीसारखी साथ उद्भवली. अवेळी पावसाने भिजलेला, बुरशी चढलेला मका लोक खात होते; कारण घरात दुसरे धान्य नव्हते. नोंदविलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या घरांतील कुत्रीही मेली, कारण मालकाच्या ताटातले उरलेसुरले तेच खात होती.

इंग्रजी टर्कीच्या मरणातून जगाला ज्ञान मिळाले. आमच्या भिल्लाच्या खोपटापर्यंत ते ज्ञान येण्यास एक कोरडे कोठार, एक उन्हात वाळविण्याचा ओटा आणि रेशनचे चार किलो धान्य एवढेच पुरे होते, तेच नव्हते. ही बुरशी शुद्ध नैसर्गिक आहे. तिच्यात कोणत्याही कारखान्याचे रसायन नाही. आणि मानवी यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या सर्वांत प्रखर पदार्थांत तिच्या विषाची गणना होते.

हे विष जनावराच्या पोटातून माणसाच्या पोटात येते, हेही ध्यानात घ्यावे. बुरशी लागलेली पेंड गाय-म्हैस खाते, आणि विषाचे रूपांतरित अंश दुधात उतरतात. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी दूधपाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत या विषाचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले. म्हणजे शेकडा ५.७. ही मर्यादादेखील आपल्याकडे युरोपच्या दसपट सैल आहे. त्या पाहणीची वृत्ते आली तेव्हा चर्चा दुधातल्या पाण्याची आणि युरियाची झाली, पेंडीतल्या बुरशीची फारशी झाली नाही. कारण भेसळ करणारा गवळी पकडून दाखविता येतो. पशुखाद्याच्या गोदामात आणि पेंडीच्या घाऊक व्यापारात हात घालणे अवघड असते.

काढ्याचा बाजार

आता औषधाकडे वळू. विषाच्या वाटपात जो न्याय दिसतो, तोच औषधाच्या वाटपातही दिसतो.

करोनाच्या साथीत गुळवेलीला एकाएकी राजाश्रय मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आयुष उपचारसंहितेत गुडूची घनवटीची शिफारस होती. घरोघरी कुंपणावरची वेल उतरवून काढे शिजू लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला गंभीर इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारे ठरविले आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असा तर्क पुढे केला. पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांतील ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली.

मंत्रालयाचा तर्क घटकाभर खरा धरू. लोकांनी चुकीची वेल खाल्ली. मग ही चूक कोणाच्या जबाबदारीवर? ज्यांनी कोट्यवधी लोकांना वेल खावयास सांगितले, त्यांनी ती ओळखावी कशी, किती घ्यावी, किती दिवस घ्यावी, कोणी अजिबात घेऊ नये, हे त्याच मोठ्या आवाजात सांगितले होते काय? कोट्यवधींनी घेतलेल्या काढ्यातून इजा झालेले थोडे, हेही मान्य. परंतु इजा झालेले नेमके किती, हे मोजण्याची सक्षम यंत्रणाच नसेल, तर ‘थोडे’ हा शब्द शास्त्राचा राहत नाही, तो जाहिरातीचा होतो.

कायद्याची घडणच अशी आहे. परंपरागत ग्रंथांत नोंदलेला योग त्याच उपयोगासाठी विकावयाचा असेल, तर परवाना देताना सुरक्षिततेची नवी चाचणी मागितली जात नाही; ग्रंथातील उल्लेख पुरतो. त्यावर उरला होता तो जाहिरातींवरचा लगाम. औषध नियमावलीतील नियम १७० प्रमाणे, २०१८ पासून, आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातीस राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वसंमती आवश्यक होती. भारतीय वैद्यक संघटनेने २०२२ साली पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्या कंपनीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. यानंतर नियम कडक होतील असे कोणालाही वाटावे. घडले उलटे. १ जुलै २०२४ रोजी आयुष मंत्रालयाने तो नियमच वगळला. न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या कृतीस स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकालात काढताना ती स्थगितीही उठली. माफी कागदावर राहिली आणि लगाम सुटला.

हे सर्व परंपरेच्या सन्मानार्थ चालले आहे, असे सांगण्यात येते. म्हणून परंपरेचीच साक्ष काढावी. योग्य रीतीने वापरलेले विष औषध ठरते आणि अयोग्य रीतीने वापरलेले औषध विष ठरते, ही जाण चरकसंहितेत स्पष्टपणे आलेली आहे. बिब्ब्याचे शोधन विटेच्या भुकटीत करावे, बचनाग शोधनावाचून वापरू नये, हे वैद्यांनी शतकानुशतके सांगितले आहे. आजच्या औषध नियमावलीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची स्वतंत्र अनुसूची आहे. तीत बिब्बा, बचनाग, धोतरा, गुंज, कुचला ही नावे आहेत. म्हणजे ‘नैसर्गिक ते निर्धोक’ ही परंपरेची शिकवण नव्हेच. परंपरेला विषाचे भय होते, मात्रेचे भान होते आणि रुग्णाच्या प्रकृतीची चौकशी होती. बाटलीबंद बाजाराने या तिन्ही गोष्टी गाळल्या आणि परंपरेचे नाव तेवढे वेष्टनावर ठेवले.

मात्र परंपरेलाही सर्व ठाऊक होते असे मानण्याचे कारण नाही. ईश्वरी ही वेल आपल्याकडे सर्पदंशावर गुणकारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिला सापसंद असेही म्हणतात. ती ज्या वनस्पतिकुलातली आहे त्यातील अम्ल मूत्रपिंड निकामी करते आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगास कारण होते, हे आता निर्विवाद आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्स येथे वजन घटविण्याच्या चिनी वनौषधीत याच कुलातील मुळी मिसळली गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातील खेडुतांत अनेक पिढ्या दिसणाऱ्या मूत्रपिंडविकाराचे मूळही गव्हात मिसळलेल्या अशाच तणाच्या बियांत सापडले. ज्या अपायाला प्रकट होण्यास वर्षानुवर्षे लागतात, तो कोणत्याही वैद्याच्या वा वैदूच्या अनुभवात सापडू शकत नाही. त्यासाठी नोंदी लागतात, प्रयोगशाळा लागते, म्हणजेच संघटित समाजाची यंत्रणा लागते.

आणि सर्पदंश? देशात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतील बहुतेक शेतमजूर, अल्पभूधारक, आदिवासी. सर्पविषावर खरा उतारा प्रतिविषाची लस हाच आहे, आणि ती मुंबईच्या हाफकिन संस्थेत कित्येक दशके तयार होत आली आहे. जेथे आरोग्यकेंद्रात लस नाही, डॉक्टर नाही आणि रात्री वाहन नाही, तेथे माणूस मुळी उगाळणाऱ्याकडे जातो. त्याला अडाणी म्हणणे फार सोपे आहे. त्याच्यापुढे दुसरा कोणता दरवाजा उघडा ठेवला होता, हे आधी सांगावे.

आपल्यातले दोन पक्ष

या विषयावर आपल्या साथींत दोन मते ऐकू येतात. पहिला पक्ष म्हणतो, पाश्चात्त्य औषधकंपन्यांची मक्तेदारी मोडायची असेल तर देशी औषधाची बाजू घेतलीच पाहिजे. त्याच्या चाचण्या मागणे म्हणजे साम्राज्यवादाची री ओढणे. दुसरा पक्ष म्हणतो, हे सारे झाडपाल्याचे खूळ आहे. पुरोगामी माणसाने त्याकडे ढुंकूनही पाहू नये. दोन्ही मते सोयीची आहेत, आणि दोन्हींत श्रमिकाचा विचार नाही.

पहिल्या पक्षास विचारावे, की देशी भांडवलदाराने विकलेली अपरीक्षित बाटली परदेशी भांडवलदाराच्या बाटलीहून क्रांतिकारक कशी? मक्तेदारीचा रंग बदलल्याने मजुराचे यकृत वाचत नाही.

दुसऱ्या पक्षाने इतिहास वाचावा. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या देशी मुळीकडे वळले. १९५२ साली सिबा या स्विस कंपनीने तीतील द्रव्य वेगळे काढले आणि बाजार तिचा झाला. ज्ञान आमच्या गावांचे, निरीक्षण आमच्या डॉक्टराचे, आणि माल त्यांचा. कारण मधला प्रयोगशाळेचा टप्पा आम्ही उभा केला नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. १९०१ साली त्यांनी उभारलेल्या बेंगाल केमिकलने अडुळशासारख्या देशी वनस्पतींची प्रमाणित औषधे तयार केली. स्वतंत्र भारताने या वारशाचे काय केले? डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससह बेंगाल केमिकल विकण्याचा निर्णय घेतला. देशी औषधांच्या नावाने गळा काढणाऱ्यांनीच देशी औषधनिर्मितीचे सार्वजनिक कारखाने लिलावात काढावेत, याहून त्यांच्या स्वदेशीचा दुसरा पुरावा कोणता हवा?

चीनचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. १९६७ साली तेथे हिवतापाच्या औषधाचा शोध घेण्यासाठी एक राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. तू यूयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांवर योग गोळा केले, त्यांतून ६४० निवडले, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. बहुतेक टाकून द्यावे लागले. चौथ्या शतकातील एका ग्रंथात एक वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळून घेण्याची सूचना होती. त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून तू यूयू यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि १९७२ च्या सुमारास आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेत परंपरेचा अपमान नाही आणि परंपरेची आरतीही नाही. शेकडो योग निरुपयोगी म्हणून फेकण्याचे धैर्य होते, म्हणूनच एक योग जगाच्या उपयोगी पडला.

आपल्याकडेही लहान प्रमाणावर असे घडते. गाईम्हशींच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप, हा तमिळनाडूतील पशुवैद्यक संशोधकांनी मांडलेला उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सहकारी दूधसंघांमार्फत शेतकऱ्यांना शिकविला. द्रव्ये परसातली, प्रमाण ठरलेले, कृती जाहीर. कोणाचा मक्ता नाही. दुधात उतरणाऱ्या प्रतिजैविकांचा प्रश्न गंभीर असताना अशा उपायांची अधिक कसोशीने चाचणी व्हावी आणि यश-अपयश दोन्ही छापले जावे, एवढीच अपेक्षा. वनस्पती, तपासणी आणि सहकार एकत्र आले की काय होऊ शकते, याची ही नमुन्यादाखल खूण आहे.

मागणी काय आणि काम काय

तेव्हा आपली मागणी झाडपाल्याच्या बाजूची नाही आणि विरोधाचीही नाही. पोटात घेण्याच्या प्रत्येक वनस्पतिजन्य औषधाची, मग ते ग्रंथोक्त असो वा नवे, सार्वजनिक प्रयोगशाळेत सुरक्षिततेची तपासणी व्हावी आणि निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत. जाहिरातींवरील पूर्वसंमतीचे बंधन पुन्हा यावे आणि यावेळी ते मोडणाऱ्यास दंडाची नव्हे, कारावासाची भीती असावी. रेशनच्या हक्कात डाळीचा समावेश व्हावा. आदिवासी भागात धान्य वाळविण्याची व साठविण्याची सार्वजनिक सोय आणि पशुखाद्याच्या गोदामांत बुरशीविषाची नियमित तपासणी व्हावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्यकेंद्रात सर्पविषावरील लस आणि ती देऊ शकणारा डॉक्टर बारा महिने असावा. औषधनिर्मितीचे सार्वजनिक कारखाने विकणे थांबावे.

या मागण्या मुंबईत निवेदने देऊन पदरात पडणार नाहीत. धानपट्ट्यातील कार्यकर्त्यांनी गावसभेत विचारावे, की नव्या वाणाचे बियाणे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही. दूधसंघातील साथींनी पेंडीचा तपासणी-दाखला मागावा. आरोग्यकेंद्रावर जाऊन लशीच्या कुप्या मोजाव्यात आणि संख्या फळ्यावर लिहावयास लावावी. आणि काढा पिणाऱ्या बाईला हसू नये; तिने काय घेतले, किती दिवस घेतले, डोळे पिवळे झाले का, हे विचारून डॉक्टरांकडे न्यावे व त्याची नोंद करवून घ्यावी. ज्यांची मोजदाद होत नाही त्यांच्यावरच विष सोपविले जाते. म्हणून मोजदाद करणे, हे या लढ्यातले पहिले काम आहे.